तुझ्या संमतीने केलेला बदल

९ फेब्रुवारी

ताई,

पत्ता आईने दिला. ‘मी दिला असं सांगू नकोस’ असं तिने दोनदा बजावलं, म्हणून पहिल्या ओळीतच सांगून टाकतो. चार वर्षांनी पत्र लिहायचं आणि आरंभच लपवाछपवीने करायचा, हे काही बरं दिसत नाही.

कशी आहेस, हे विचारायचा हक्क मला उरलाय की नाही माहीत नाही, म्हणून विचारत नाही. आई सांगते, तू नदीच्या पाण्याची पातळी मोजायच्या केंद्रावर असतेस, सकाळ-संध्याकाळ पट्टी वाचून वहीत हाताने आकडा लिहितेस, आणि घरात कॉम्प्युटर नाही. आईला त्यातलं शेवटचं फार आवडलंय. मला नाही आवडलं.

कामाचं बोलतो. तू लिहिलेल्या, तारखा वाचणाऱ्या कोडच्या लायब्ररीचं पॅकेज आमच्या लिनक्सच्या वितरणात अजून माझ्याच नावावर आहे. नवी आवृत्ती यायच्या आत ते मी सोडायचं म्हणतोय. एक बाई घ्यायला तयार आहेत. त्या हवामान खात्यात असतात, कामाला चोख आणि प्रश्नांना त्याहून चोख. त्यांनी मला दोन गोष्टी विचारल्यात. एक, मूळ लेखिका पुन्हा त्यात लक्ष घालतील का. दुसरी, चार वर्षांपूर्वीच्या नोंदीत ‘लेखिकेच्या संमतीने केलेला बदल मागे घेतला’ असं लिहिलंय, तर ती संमती कुठे लेखी आहे का.

पहिल्याचं उत्तर तू दिलंस तर बरं होईल. दुसऱ्याचं मी अजून दिलेलं नाही.

तुझ्या नावाचा एक निरोपही आलाय माझ्याकडे. त्याबद्दल सवडीने लिहितो. अक्षराकडे बघू नकोस, इतकी वर्षं नुसती बटणं दाबलीत.

तुझा भाऊ

२० फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी रोज खाली जाऊन पत्रांची पेटी उघडून बघतो. शेजारच्या काकूंना वाटतंय माझं कुठेतरी जमलंय.

‘सवडीने लिहितो’ असं लिहिलं होतं, ते खोटं. सवड भरपूर होती. निरोप येऊन आता महिना झाला.

रविवारी आईकडे गेलो होतो. चहा झाल्यावर तिने एकदम विचारलं, तुम्हा दोघांचं नक्की बिनसलं तरी कशावरून. मी म्हटलं, कामावरून. ती म्हणाली, कामावरून माणसं भांडतात, पण चार वर्षं अबोला धरत नाहीत, मला नीट समजावून सांग. मग तिला कळेल असं सांगायला लागलो. म्हटलं, ताई कपडे शिवते असं समज. लोकांना तिचा पत्ता माहीत नसतो. मी तिच्याकडून कपडे आणतो, उसवलेलं नाही ना बघतो, नीट घड्या घालतो, खोक्यात भरतो, वर चिठ्ठी डकवतो आणि हजारो घरी पोचवतो. लोक खोक्यावरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून कपडा अंगात घालतात. तर एकदा घड्या घालताना मला वाटलं की बाही खोक्यात नीट बसत नाहीये, म्हणून मी ती जराशी कापली.

आईने कप खाली ठेवला. म्हणाली, ‘घड्या घालणाऱ्याच्या हातात कात्री आली कुठून?’

ताई, तुला ठाऊक असलेलंच आता पुन्हा लिहितो, कारण ते मी माझ्या तोंडाने आजवर कुणालाच सरळ सांगितलेलं नाही.

सहा वर्षांपूर्वी आमची आवृत्ती गोठवायला चार दिवस राहिले होते. एकदा गोठवली की कुणालाच काही बदलता येत नाही. तुझी लायब्ररी पहिल्यांदाच त्यात जाणार होती आणि माझ्या बहिणीने लिहिलीय म्हणून मी गावभर सांगत सुटलो होतो. ‘पाच मार्च’ लिहा, ‘पुढचा मंगळवार’ लिहा, ‘महिन्याचा शेवटचा दिवस’ लिहा, ती बरोबर तारीख काढून द्यायची. फक्त कुणी नुसतं ५/३ लिहिलं की ती थांबायची. कारण काही ठिकाणी तो पाच मार्च असतो आणि काही ठिकाणी तीन मे. ती सरळ सांगायची, मला कळत नाही, माणसाला विचारा. ती अशी थांबली की तिच्यावर अवलंबून असलेले तीन प्रोग्राम कोलमडायचे. माझ्या पडद्यावर सगळं लालेलाल.

मी तुला फोन केला. तू भाजी चिरत होतीस, सुरीचा आवाज येत होता. मी म्हटलं, अशा ठिकाणी तिला एक अंदाज करू दे ना. सुरी थांबली. तू म्हणालीस, ‘कळत नाही तिथे कळत नाही म्हणू दे तिला. ते तीन प्रोग्राम दुरुस्त कर. आवृत्ती हुकली तर हुकू दे.’ मी बरं म्हटलं.

आणि नऊ ओळी लिहिल्या. तारीख कळत नसेल तर पहिला आकडा महिना धर, एवढंच त्यांचं काम. तुझ्या चाचण्यांपैकी सहा नेमकं हेच तपासायच्या, त्या मी बंद केल्या. सगळं हिरवं झालं. त्या ठिगळाला, म्हणजे पॅचला, मी नाव दिलं, ‘किरकोळ सोय’.

तेरा तारखेपासून पुढच्या तारखा बरोबरच यायच्या, कारण तेरावा महिना नसतो. म्हणून दोन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही.

निरोपाचं या पत्रातही राहिलं. पुढचं पत्र त्यानेच सुरू करेन.

तुझा भाऊ

२८ फेब्रुवारी

ताई,

निरोप सुतारकाकांच्या मुलीचा आहे. तेच सुतारकाका, ज्यांना पडद्याच्या आजारासाठी दर काही आठवड्यांनी डाव्या डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागायचं. पाच मार्चला यायचं होतं. इस्पितळाच्या यादीत ते ५/३ असं आलं आणि माझं पॅकेज असलेल्या कॉम्प्युटरने त्यांना तीन मेला बोलावलं. ते आज्ञाधारक माणूस, दिलेल्या दिवशी सकाळी आठला हजर. तोवर डोळा गेला होता.

मुलीने लिहिलंय: ‘ताईंनी चार वर्षांपूर्वी बाबांना हाताने माफीचं पत्र लिहिलं होतं. बाबा तेव्हा फार संतापलेले होते, त्यांनी ते न वाचता कपाटात टाकलं. आता वाचलंय. त्यांना ताईंना भेटायचंय, मनात काही ठेवलेलं नाही असं समोर बसून सांगायचंय. ताईंचा पत्ता देऊ शकाल का?’

तुझी मेल बंद, म्हणून हे पॅकेजच्या पत्त्यावर आलं. पॅकेजच्या पत्त्यावर मी असतो.

मी ते वाचून बंद केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं. तुला पाठवून द्यायला दोन मिनिटं पुरली असती. त्यांनी तुला माफ केलं असतं, तू गप्प राहून ते ऐकून घेतलं असतंस, तशी तू आहेसच. मग माझं नाव न येता सगळं कायमचं मिटलं असतं. हा विचार माझ्या मनात आला, ताई. एकदा नाही, बरेचदा.

आता उरलेलं.

इस्पितळाचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्याने तुला कळवलं त्या दिवशी दुपारी तुझा फोन आला. मी ऑफिसच्या जिन्यात उभा होतो. नोकरी लागून तीन आठवडे झाले होते, आणि ती लागली होती ‘याच्या पॅकेजमध्ये कधी चूक सापडत नाही’ या माझ्या ख्यातीवर. तू इतकंच विचारलंस, ‘तुझ्याकडे काही बदललंयस का?’

मी ‘नाही’ म्हटलं.

विसरलो होतो असं म्हणायची सोय आहे, पण तसं नव्हतं. तू पहिला शब्द उच्चारायच्या आधी मला त्या नऊ ओळी आठवल्या होत्या.

तू अकरा दिवस स्वतःचा कोड ओळ न् ओळ तपासलास. आई तेव्हा तुझ्याकडे होती. ती सांगते, तू जेवताना मध्येच उठून जायचीस. मी पॅच गुपचूप काढून टाकायचा विचार केला, पण त्यालाही नोंद लागते, म्हणून तेही केलं नाही. दुसऱ्या कुणी ‘नाही’ म्हटलं असतं तर तू पहिल्याच दिवशी माझं पॅकेज उघडून बघितलं असतंस. तू बघितलं नाहीस, कारण मी ‘नाही’ म्हटलं होतं.

बाराव्या दिवशी तू लायब्ररीच्या जाहीर पानावर लिहिलंस: ‘हा बदल पॅकेजमध्ये माझ्या संमतीने झाला होता. चूक माझी आहे.’

म्हणजे तू ते उघडलं होतंस. नऊ ओळी, खाली माझं नाव, तारीख, ‘किरकोळ सोय’, सगळं पाहिलं होतंस. तरी तसं लिहिलंस. ते वाक्य मी ऑफिसात, माझ्या खुर्चीत बसून वाचलं. त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहितो, नाहीतर या सगळ्या पत्रांना काही अर्थ नाही. मला वाटलं, सुटलो.

लाज नंतर आली. बरीच नंतर. लोकांनी तुला काय काय म्हटलं, ज्या संस्थेसाठी तू काम करत होतीस तिने तुला कसं बाजूला केलं, हे मी सगळं वाचत होतो. एका जागी कुणीतरी लिहिलं होतं, हिने आता दुसऱ्यांच्या आयुष्याशी खेळणं थांबवावं. मी त्याखाली काही लिहिलं नाही.

तुझा भाऊ

१४ मार्च

ताई,

सुतारकाकांकडे जाऊन आलो.

आधी मुलीला लिहिलं, की ताईंचा पत्ता देण्याआधी मला तुमच्या बाबांशी बोलायचंय. तिने शनिवारी सकाळी यायला सांगितलं. बसने दीड तास लागतो. घराच्या मागच्या अंगाला लांबट खोली, तिच्यात त्यांचं दुकान. जमिनीवर भुसा, भिंतीवर करवती उंचीप्रमाणे टांगलेल्या, खिडकीशी एक खुर्ची चिकटवून शिकंज्यात आवळून ठेवलेली. ते काम करतात अजून. मुलगी म्हणाली, मोठ्या यंत्राला हात लावू देत नाही मी त्यांना, अंतराचा अंदाज येत नाही.

ते हसतमुख निघाले. मला ते अवघड गेलं. त्यांना वाटलं मी तुझा निरोप घेऊन आलोय, म्हणून त्यांनी मला बरीशी खुर्ची दिली आणि स्वतः ओंडक्यावर बसले. फळी सरळ आहे का बघायला मी आधीही एकच डोळा वापरायचो, म्हणाले, अडतं ते खिळा ठोकताना. डाव्या हाताचा अंगठा दाखवला. नखाचा रंग अजून काळानिळा होता.

मग तुझ्याबद्दल बोलले. तुझं पत्र त्यांनी कपाटातून काढून आणलं होतं. त्यात तू एकही सबब सांगितली नव्हतीस हे त्यांना फार भिडलंय. म्हणाले, माझ्या धंद्यात माणूस आधी लाकडाला नावं ठेवतो, मग हत्याराला, मग गिऱ्हाइकाला. या बाईंनी कुणालाच नावं ठेवली नाहीत.

मी म्हटलं, त्यांच्याकडे नाव होतं, त्यांनी ते सांगितलं नाही. ते नाव माझं आहे.

मग सगळं सांगितलं. या वेळी शिंप्याचा दाखला दिला नाही. तुझा नकार, नऊ ओळी, बंद केलेल्या चाचण्या, जिन्यातला फोन. मुलगी दारात उभी होती, ती आत आली आणि बापाच्या मागे जाऊन उभी राहिली. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, की तुझ्या बहिणीची ती मूळ वस्तू असती तर काय झालं असतं. मी सांगितलं, ती ५/३ ला अडली असती, इस्पितळातल्या कारकुनाने कागद बघून पाच मार्च लिहिलं असतं, आणि तुम्ही वेळेवर गेला असतात. ‘म्हणजे कुणीतरी नुसतं विचारलं असतं,’ ते म्हणाले. मी हो म्हटलं.

त्यांनी शिकंजा उगाच अर्धा आटा आवळला. आतापर्यंत मला अरे-तुरे करत होते, ते एकदम बदलले.

‘तुमच्या बहिणीला माफ करायला मला चार वर्षं लागली,’ ते म्हणाले. ‘सोपं नव्हतं ते. आता तुम्ही सांगताय, ते सगळं भलत्या माणसाच्या नावे केलं. तुमच्यासाठी मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. आणि माझं वय बघता मी काही कबूल करत नाही.’

मी माफी मागितली नाही असं नाही. मागितली. पण त्यांनी ती कानाआड केली, आणि मला ते योग्य वाटलं. निघताना मुलगी फाटकापर्यंत आली. तिने फक्त विचारलं, ‘हे जिथे ताईंनी लिहिलं होतं, तिथेच तुम्ही लिहिणार का?’ मी म्हटलं, हो. ती म्हणाली, तारीख सांगा. मी सोमवार म्हटलं. ‘कुठला सोमवार?’ तिने विचारलं. मी दिवस, महिना, वर्ष सगळं सांगितलं.

तुझा भाऊ

२ एप्रिल

ताई,

लिहिलं. ज्या पानावर तुझं ते वाक्य आहे त्याच्याच खाली, माझ्या नावाने. मूळ लेखिकेची संमती नव्हती. तिने स्पष्ट नकार दिला होता. विचारल्यावर मी खोटं बोललो. तिने मला वाचवण्यासाठी दोष स्वतःवर घेतला आणि मी घेऊ दिला. हवामान खात्यातल्या बाईंना त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून तोच दुवा पाठवला. त्यांनी उलट एवढंच लिहिलं, ‘नोंद दुरुस्त केली आहे.’

वितरणाने माझी पॅकेजं चढवायची परवानगी काढून घेतली. सगळ्या सदतीस पॅकेजांची. ऑफिसात साहेबांनी दार लावून घेतलं आणि विचारलं, हे आत्ताच का उकरून काढलंस. मी म्हटलं, उकरलं नाही, पुरलेलंच नव्हतं, ताई ते अंगावर घेऊन उभी होती. त्यांना ते कळलं नसावं. मला आता ग्राहकांच्या तक्रारी वाचायच्या कामावर बसवलंय. वाईट नाही. लोक काय काय सोसतात ते कळतं.

काहींनी तुझी माफी मागणारं लिहिलंय. ते छापून सोबत ठेवतोय, सोळा पानं आहेत. वाचावंसंच वाटलं तर वाच. ज्याने ‘आयुष्याशी खेळणं’ लिहिलं होतं तो मात्र गप्प आहे. त्याला मी काय बोलणार, मीही चार वर्षं गप्पच होतो.

एक गोष्ट सांगायची की नाही, दोन दिवस ठरवत होतो. हवामानवाल्या बाईंनी तुझी लायब्ररी तुझ्या सगळ्या चाचण्यांसकट, जशीच्या तशी पुन्हा बांधली. मागच्या वेळी पॅच घाईघाईत काढला होता, तेव्हा ते तीन प्रोग्रामच वितरणातून बाद केले होते. बाईंनी ते पुन्हा शोधून काढले आणि दुरुस्त केले. तारीख कळली नाही तर आता ते माणसाला विचारतात. मी त्यांना विचारलं, किती वेळ लागला. म्हणाल्या, दोन दुपारी.

माझ्याकडे चार दिवस होते.

सुतारकाकांनी तुझ्यासाठी लिफाफा दिलाय, तो यात आहे. त्यांची लिहिताना ओळ तिरकी जाते, म्हणून त्यांनी सांगितलं आणि मुलीने लिहिलं. मी उघडलेला नाही. पत्ता मी दिला नाही, द्यायचा की नाही ते तू ठरव.

तुझा भाऊ

१९ एप्रिल

ताई,

काल तुझा फोन आला तेव्हा मी बसस्टॉपवर होतो आणि नंबर ओळखीचा नव्हता, म्हणून ‘कोण बोलतंय’ असं विचारलं. तू ‘मी’ म्हणालीस. दोन बस गेल्या.

तू म्हणालीस लिफाफा मिळाला, सुतारकाकांना भेटायला जाणार आहेस, एकटीच. बरं म्हटलं. पाण्याची पातळी विचारली, तर हसलीस थोडीशी. म्हणालीस, खाली चाललीय, उन्हाळाच आहे. मग तू विचारलंस, तेव्हा का नाही सांगितलंस. जिन्यात नसेल जमलं, पण दुसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी, मी ते वाक्य लिहिल्यावर तरी.

माझ्याकडे तयार उत्तर होतं. नोकरी नवी होती, घाबरलो होतो, असं काहीतरी. चार वर्षं ते घोटून घोटून गुळगुळीत झालं होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. मी म्हटलं, ‘मला वाटलं, तू सांभाळून घेशील.’

तू म्हणालीस, ‘घेतलं ना सांभाळून. तेवढंच चुकलं माझं.’

आणि ठेवलास.

ओरडली असतीस तर मला सोपं गेलं असतं. घरी येऊन हे लिहायला बसलो, की त्यावर काहीतरी उत्तर देता येईल. सकाळपासून तीन कागद फाडले. तू चुकली नव्हतीस, एवढंच मला लिहिता येतंय. तुला तसं वाटायला लागलं, हे त्या नऊ ओळींहून मोठं नुकसान आहे, आणि ते मला मागे घेता येत नाही.

तू फोन करावास असं म्हणत नाही. मी लिहीत राहीन.

तुझा भाऊ